बंधारा काढायचा ठरला, तर आधी नळाचं बघा

दरवर्षी जूनच्या सुरुवातीला बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी भागात बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायचं काम निघतं. वेदगंगेवरचे जत्राट-भिवशी आणि भोजवाडी-कुन्नूर, दूधगंगेवरचा मल्लिकवाड-दत्तवाड, कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच कार्यक्रम. खांबांच्या खाचांत दोन ओळींत बसवलेले बरगे आणि मधे ठासलेली माती काढली की अडलेलं पाणी खाली निघून जातं आणि नदी पुरासाठी मोकळी होते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस ओसरला की बरगे पुन्हा घालायचे.

जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, ड्युटी असलेल्या वॉटरमनला हे दिवस सुखाचे जात नाहीत. पातळी झपकन उतरते, मोटार हवा ओढायला लागते. उन्हाळाभर साचून राहिलेला काळा थर हलतो आणि वास सुटतो. तेवढ्यात वरून लाल पाण्याचा पहिला लोंढा येतो आणि नगरपालिकेची रिक्षा गल्लोगल्ली फिरते: नदीला नवीन पाणी आल्यामुळे पाणी गाळून, उकळून प्यावे. पाऊस वेळेवर आला तर आठवड्यात निभावतं. पाऊस लांबला तर बरगेही गेलेले आणि नदीही कोरडी, मग चार दिवसांआड पाणी.

अमेरिकेत आणि युरोपात गेल्या काही वर्षांत जुनी धरणं ठरवून पाडली जात आहेत. त्यात नळाच्या पाण्याचे जे प्रश्न उभे राहतात त्यांची लहान आवृत्ती आपण दरवर्षी बघतो. फरक दोन. आपल्या बंधाऱ्यात गाळ फारसा साचत नाही, कारण दर पावसाळ्यात तो वाहून जातो. आणि ऑक्टोबरात आपले बरगे परत बसतात. पाडलेलं धरण परत बसत नाही, आणि त्याच्यामागे पन्नास-शंभर वर्षांचा गाळ असतो. म्हणून तिथे पाणीपुरवठ्याची जी तयारी करावी लागते ती वेगळ्याच मापाची असते. ती काय असते, कुठे फसली, कुठे जमली आणि आपल्याकडे तिचा काय उपयोग, एवढंच या लेखात बघू.

आधी एक खुलासा, नाहीतर गावात उगाच बातमी पसरायची: हिडकल, राकसकोप किंवा नविलुतीर्थ ही धरणं पाडण्याबद्दल हा लेख नाही. हिडकलमध्ये सुमारे ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यावर निम्मा जिल्हा अवलंबून आहे. आपल्याकडे खरी वेळ येईल ती जुन्या, खांब खिळखिळे झालेल्या बंधाऱ्यांवर. ते काढून त्या जागी पूल-कम-बंधारा बांधायचा, असं काम निघालं की मधले एक-दोन हंगाम नदी मोकळी राहते. एखादा धोकादायक झालेला तलाव रिकामा करावा लागतो. तेही धरण काढणंच.

धरणं काढतात तरी कशाला

हे थोडक्यात सांगतो. धरणालाही म्हातारपण येतं. गाळाने भरलं की साठवण उरत नाही, पण दुरुस्तीचा खर्च आणि फुटण्याची भीती वाढतच जाते. अमेरिकेत आजवर दोन हजारांहून जास्त धरणं आणि बंधारे काढले गेले आहेत. बहुतेक लहान, काही भलेमोठे. माशांची वाट मोकळी व्हावी हे तिथलं एक मोठं कारण. भारतात पाच हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे त्यांतली हजारावर धरणं २०२५ पर्यंत पन्नाशीची होणार होती. आपल्या घटप्रभेवरचा धूपदाळचा बांध तर १८९७ चा. (त्याच्या उथळ फुगवट्यावर हिवाळ्यात करकोचे उतरतात आणि घटप्रभा पक्षी अभयारण्य त्यामुळेच आहे. धरण म्हातारं झालं म्हणून निरुपयोगी झालं, असं धरून चालणाऱ्यांनी तिकडे एक चक्कर मारावी.)

ठरवून न काढता धरण गेलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ ला पाहिलं. पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासला फुटलं. पुण्यात पूर आला तो सगळ्यांना आठवतो. पूर ओसरल्यावर त्याच पुण्यात प्यायला पाणी नव्हतं, हे कमी आठवतं. शहराचं पाणी खडकवासल्याचं होतं आणि खडकवासला राहिलं नव्हतं.

धरण पाण्याशिवाय आणखी काय देतं

धरण काढण्याच्या चर्चेत टीएमसीचा हिशोब पहिला होतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. गडबड होते ती धरणाकडून न मागता मिळणाऱ्या दोन गोष्टींत. या कुठल्याच आराखड्यात लिहिलेल्या नसतात.

पहिली म्हणजे पातळी. जॅकवेलला पाणी आत घ्यायची भोकं ठरावीक उंचीवर असतात, आणि ती बंधारा भरलेला असताना पाणी कुठवर असतं त्या हिशोबाने ठेवलेली असतात. बंधारा गेला तर नदीत पाणी असूनही ते जॅकवेलच्या खालून वाहतं. पुढचा प्रकार सावकाश होतो, म्हणून जास्त फसवा. बांध निघाला की नदी त्या जागेपासून उलट वरच्या अंगाला आपला तळ खोदत जाते. साचलेला मऊ गाळ कापत ती जुन्या तळाकडे उतरते. त्यात पात्राखालून नेलेल्या पाइपलाइन उघड्या पडतात, पुलाच्या पायाखालची माती जाते, काठ ढासळतात. बांधाच्या खालच्या बाजूला नेमकं उलटं. तोच गाळ तिथे बसतो, तळ वर येतो, जॅकवेलचं तोंड बुजतं, आणि पूर आधीपेक्षा कमी पाण्यात काठाबाहेर पडतो. म्हणजे एकाच बंधाऱ्याच्या वरच्या गावाचं जॅकवेल लटकतं आणि खालच्या गावाचं गाडलं जातं.

याच पातळीत विहिरींचा हिशोबही येतो. फुगवट्याचं पाणी दोन्ही काठांच्या जमिनीत मुरत असतं. नदीकाठची काळी माती आणि खालचा मुरमाड, झिजलेला दगड ते धरून ठेवतो, म्हणून बंधाऱ्यालगतच्या विहिरींना एप्रिलमध्येही पाणी असतं. शेतकरी म्हणतो, माझ्या विहिरीला जिवंत झरा आहे. झरा असतोही, पण त्याची दुसरी बाजू बंधाऱ्यात असते.

दुसरी गोष्ट म्हणजे निवळ पाणी. जलाशय हा एक प्रचंड रांजण असतो. पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी आपण उचलतो. शहराचं जलशुद्धीकरण केंद्र बांधताना या फुकटच्या निवळणीवर भिस्त असते. तुरटी किती लागेल, वाळूचे फिल्टर किती तासांनी धुवावे लागतील, हे सगळं शांत पाण्याच्या मापाने ठरलेलं असतं. धरण काढलं की त्याच केंद्रात वाहत्या नदीचं पाणी येतं.

गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो १ च्या आत असावा असं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. धरण काढल्यावर नदीत हाच आकडा हजाराच्या वर जाऊ शकतो. इतक्या गढूळ पाण्यात तुरटी कितीही टाकली तरी टाकीत नुसता चिखल साठतो आणि फिल्टर तासातासाला तुंबतात. गाळाच्या कणांआड जंतू दडत असल्याने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही ते मरत नाहीत. पाणी पांढरंशुभ्र दिसत नाही ही तक्रार किरकोळ. निर्जंतुकीकरणच लागू पडत नाही, हे दुखणं मोठं.

एल्व्हाची गोष्ट

या विषयात सगळ्यात जास्त शिकवणारं काम अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर झालं. दोन धरणं. खालचं एल्व्हा धरण सुमारे ३३ मीटर उंच, १९१३ चं. वरचं ग्लाइन्स कॅन्यन सुमारे ६४ मीटर, १९२७ चं. दोन्ही मिळून मागे साधारण दोन कोटी घनमीटर गाळ. दहा घनमीटरचा डंपर धरला तर वीस लाख खेपा होतील, म्हणजे उपसून नेण्याचा प्रश्नच नव्हता. गाळ नदीनेच समुद्रात नेऊ द्यायचा असं ठरलं.

नदीच्या मुखाजवळ पोर्ट एंजेलिस हे गाव. त्याचं पाणी याच नदीकाठच्या मोठ्या विहिरीतून यायचं. शिवाय कारखाना आणि तिथल्या मूळ रहिवाशांचं मत्स्यबीज केंद्र नदीवरच चालायचं. १९९२ मध्ये धरणं काढण्याचा कायदा झाला, पण पहिला घाव २०११ च्या सप्टेंबरात पडला. मधल्या जवळजवळ वीस वर्षांत धरणं विकत घेणं, पैसे उभे करणं आणि आराखडे हे सगळं होतंच. पण पाण्याची कामंही याच काळात झाली: गावासाठी नवं शुद्धीकरण केंद्र, नदीतून थेट पाणी उचलण्यासाठी नवं इंटेक, आधी गाळ बसवून मग पाणी पुढे सोडणारी व्यवस्था. ही कामं धरणाला हात लावण्याआधी पुरी करायची, हे पक्कं होतं. एकूण प्रकल्प सव्वातीनशे दशलक्ष डॉलरच्या आसपास गेला. त्यातला मोठा वाटा पाण्याच्या या कामांनी खाल्ला. धरण फोडणं त्यामानाने स्वस्त होतं.

इतकी तयारी करूनही अडलं. २०१२ च्या वसंतापर्यंत खालचं धरण निघालं, वरचंही पुढे निम्मं उतरलं. शरदातला पहिला मोठा पाऊस झाला आणि नव्या इंटेकच्या जाळ्या तुंबल्या. गाळाचा हिशोब केला होता. पण जलाशयाच्या तळाशी कित्येक दशकं पडून राहिलेली पानं, काटक्या, फांद्या एकदम निघाल्या आणि त्यांनी जाळ्या आणि पंप बंद पाडले. मग जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं: धरण पाडणं थांबवलं. जवळजवळ वर्षभर. इंटेक दुरुस्त केलं, आणि २०१३ च्या ऑक्टोबरात सुरुंग पुन्हा सुरू झाले. शेवटचा तुकडा २०१४ च्या ऑगस्टमध्ये गेला. अर्धवट पाडलेलं धरण तसंच उभं ठेवून पाण्याच्या केंद्राची वाट बघणं ठेकेदाराला परवडत नाही आणि पुढाऱ्याला दाखवता येत नाही. तरीही ते झालं, कारण थांबायची सोय कामातच धरलेली होती. टप्प्याटप्प्याने उतरवलेल्या धरणाचा हाच फायदा. वॉशिंग्टनमधल्याच काँडिट धरणाला त्याच २०११ साली तळाशी भोक पाडून दोन तासांच्या आत रिकामं केलं. ते बघायला थरारक होतं. तिथे मधेच थांबा म्हणायला कोणाला वाव नव्हता.

आपल्याकडे एल्व्हासारखी पानं नसतील, पण जलपर्णी आहे. पंचगंगेतून दरवर्षी सुटून कृष्णेत येणारा तिचा गालिचा शिरोळपासून खाली सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात उसाचा पाला आणि प्लॅस्टिक. इंटेकच्या जाळीचं काम निघालं की नदीच्या या कचऱ्याचा विचार झालाच पाहिजे, फक्त मातीचा नव्हे.

गाळात काय आहे

गाळ म्हणजे माती, इतकं साधं प्रकरण प्रत्येक ठिकाणी नसतं. जलाशय पाण्यातली माती अडवतो तसं मातीला चिकटून येणारं सगळंच अडवतो.

अमेरिकेतल्या माँटाना राज्यात क्लार्क फोर्क नदीवर मिलटाउन नावाचं धरण होतं, १९०८ चं. वरच्या अंगाला तांब्याच्या खाणी. बांधलं त्याच वर्षीच्या पुरात खाणींचा कचरा वाहून येऊन मागे साठला. १९८१ मध्ये शेजारच्या वस्तीच्या विहिरींत आर्सेनिक सापडलं. गाळातून ते जमिनीत आणि जमिनीतून विहिरीत उतरलं होतं. इथे गाळ नदीबरोबर सोडून देणं शक्यच नव्हतं. आधी नदीला बाजूने वेगळी वाट काढून दिली, विषारी गाळ कोरडा करून रेल्वेने दूर नेला, आणि २००८ मध्ये धरण काढलं. उलट उदाहरण न्यूयॉर्क राज्यातलं. हडसन नदीवरचं फोर्ट एडवर्ड धरण १९७३ मध्ये जुनं झालं म्हणून काढून टाकलं. मागच्या गाळात कारखान्यांतून आलेली पीसीबी नावाची घातक रसायनं होती. ती खाली वाहून गेली, आणि नदी साफ करण्याचं काम पुढे कित्येक दशकं चाललं.

आपल्या नद्यांवर तांब्याच्या खाणी नाहीत. साखर कारखाने आहेत, काठोकाठ ऊस आहे आणि त्यावरची औषधं आहेत, वर इचलकरंजीसारखी कापड रंगवणारी गावं आहेत. मळीमिश्रित पाणी सुटून मासे मेल्याच्या बातम्या कृष्णाकाठाला नव्या नाहीत. म्हणून कुठल्याही जुन्या बंधाऱ्यामागचा गाळ हलवण्याआधी तो तळापर्यंत भोकं पाडून, थराथराने तपासायला हवा. वरचा मूठभर चिखल प्रयोगशाळेत पाठवून भागत नाही. जुना कचरा खाली असतो.

विष नसलं तरी एक त्रास ठरलेला. तळाच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथे लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळलेलं असतं. चिखल ढवळला की ते वर येतं, आणि पाण्यातला प्राणवायू झटकन खाली जातो. मासे तडफडतात, नळाला तांबूस-काळं पाणी येतं, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात.

गाळ जागेवरच ठेवून नदी हलवायची, असाही एक मार्ग आहे. कॅलिफोर्नियातलं सान क्लेमेंटे धरण, १९२१ चं, ३२ मीटर उंच, गाळाने नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेलं. त्याच्या खाली कार्मेल नदीच्या काठच्या विहिरींवर वस्त्यांचं पाणी चालायचं. गाळ सोडला असता तर विहिरींनाही धोका आणि पुराचाही. तेव्हा शेजारच्या ओढ्याच्या खोऱ्यात नदी वळवली, गाळ जुन्या पात्रात तसाच बांधून ठेवला आणि २०१५ मध्ये धरण काढलं. खर्चिक उपाय, आणि आपल्या सपाट कृष्णाकाठी जमायचा नाही. खानापूरच्या डोंगराळ भागात एखाद्या तलावाला कदाचित.

पाइप आणि विहिरी

कॅलिफोर्निया-ओरेगनच्या सीमेवरच्या क्लॅमथ नदीवर २०२३-२४ मध्ये चार धरणं काढली. जगातलं आजवरचं या प्रकारातलं सर्वांत मोठं काम म्हणून ते गाजलं. तिथे वायरीका नावाच्या छोट्या शहराची पाण्याची २४ इंची पाइपलाइन आयर्न गेट जलाशयाच्या तळाखालून जात होती. जलाशय रिकामा झाला असता तर वेगवान नदीने ती उघडी पाडून तोडली असती. म्हणून जलाशय उतरवण्याआधी नवी लाइन टाकली. हे वाचायला साधं वाटतं. पण आपल्या तालुक्यात कोणत्या बंधाऱ्याच्या फुगवट्याखालून कोणाकोणाच्या पाइपा गेल्या आहेत, याचा एकत्र नकाशा बघायला मिळतो का? ग्रामपंचायतीची वेगळी, बहुग्राम योजनेची वेगळी, शेतकऱ्यांच्या उपसा संस्थांच्या वेगळ्या, कारखान्याची वेगळी. पाटबंधारे खात्याला आपला बांध माहीत असतो, पाणीपुरवठ्याला आपली लाइन.

क्लॅमथवर विहिरींचं मात्र तितकं सुरळीत झालं नाही. त्यांतल्याच एका धरणाच्या, कॉपको तळ्याच्या काठावर घरं होती. तळं उतरलं तशा काहींच्या विहिरी खाली गेल्या. असं होणार याचा अंदाज होता, निरीक्षण आणि भरपाईची योजनाही होती. तरी प्रत्येक घरात वाद तोच: विहीर धरण काढल्यामुळे आटली की दुष्काळामुळे?

आपल्याकडे हा वाद जास्त चिघळेल, कारण गावाची पाण्याची दुसरी फळी बोअरच असते. नदीचं पाणी गढूळ झालं की सगळे बोअरकडे वळणार, आणि बंधारा नसल्याने बोअरला मिळणारं मुरवण त्याच वेळी बंद झालेलं असणार. कर्नाटकात गावोगावी पाच-दहा रुपयांत कॅन भरून देणारे आरओ प्लांट आहेत. तेही बहुतेक बोअरवर चालतात. गढूळ पाणी थेट आरओला दिलं तर त्याचा पडदा काही दिवसांत निकामी होतो. तेव्हा ‘आरओ आहे की’ ही पर्यायी व्यवस्था धरता येत नाही.

खरा पर्याय म्हणजे वेगळ्या नदीचं किंवा तलावाचं पाणी. बेळगावला राकसकोपचं पाणी येतं आणि हिडकलचंही, म्हणून एक बाजू अडली तरी शहर पूर्ण कोरडं पडत नाही. निपाणीला जवाहर तलाव आणि वेदगंगा, दोन्हींचा आधार आहे. ज्या गावाचं एकच जॅकवेल आहे तिथे बंधारा काढण्याआधी शेजारच्या योजनेची लाइन जोडून द्यावी लागेल, आणि नुसती जोडून नव्हे, महिनाभर त्याच पाण्यावर गाव चालवून बघावं लागेल. मे महिन्यात. थ्री फेज वीज जेवढे तास मिळते तेवढ्यात टाकी भरते का, शेवटच्या गल्लीत दाब पोचतो का, हे कागदावर कळत नाही.

कधी काढायचं

यावर परदेशातला अनुभव आपल्या अनुभवाशी जुळतो: नदी आधीच गढूळ आणि भरलेली असताना. क्लॅमथचा आयर्न गेट जलाशय ११ जानेवारी २०२४ ला सोडायला सुरुवात केली, कारण तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडे त्याचा अर्थ जुलै-ऑगस्ट. गाळ पातळ होतो, लवकर पुढे जातो, आणि तेव्हा लोक तसेही गाळून-उकळूनच पीत असतात.

पण इथे एकच तारीख सगळ्यांना लावता येत नाही. खानापूरच्या कणकुंबीकडे धो धो पाऊस, मलप्रभा जूनअखेरीस भरून वाहते. अथणी, रायबागला आभाळ कंजूष. तिथे कृष्णेचं पाणी म्हणजे वर महाबळेश्वर-कोयनेला पडलेलं पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये पात्र कोरडं पडलं की कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे मागणी जातेच. अशा ठिकाणी पावसाळ्यात बंधारा काढणं सोपं. प्रश्न पुढच्या फेब्रुवारीत सुरू होतो, अडवलेलं पाणी नसताना. तेव्हा उपसाबंदी लावून आधी पिण्याचं पाणी राखायचं की ऊस वाचवायचा? हा झगडा काम सुरू व्हायच्या आत मिटलेला बरा.

धरण लहान असलं तरी पाणी हळू उतरवायचं, हाही नियम. एकदम उतरवलं तर भिजलेले काठ आपल्याच वजनाने घसरतात आणि गढूळपणात भर पडते. दिवसाला किती उतरवायचं हे तिथल्या मातीवर ठरतं. काळी माती असेल तर जास्त सावकाश.

कोणी भरायचं, कोणी मोजायचं

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांनाही. आपले बरग्यांचे कोल्हापुरी बंधारे त्याच्या कितीतरी खाली. त्यांची काळजी खात्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंगावर. त्यात मल्लिकवाड-दत्तवाडसारख्या बंधाऱ्याचं एक टोक कर्नाटकात, दुसरं महाराष्ट्रात. त्याचं पाणी दोन्हीकडची जॅकवेलं घेणार, गाळ दोन्हीकडे बसणार, पण काम एका राज्याचं खातं करणार. दुसऱ्या राज्यातल्या खालच्या गावाला बरगे काढल्याचा निरोपही उशिरा पोचतो, हे दर पावसाळ्यात दिसतं. सीमावादात मी पडत नाही. पण अशा कामाचा करार दोन्ही बाजूंच्या पंचायतींच्या सह्यांनी, मराठीत आणि कन्नडमध्ये असावा, इतकं मागायला हरकत नसावी.

करारात नव्या शुद्धीकरण केंद्राच्या बांधकामाबरोबर ते चालवण्याचा खर्चही हवा. एल्व्हावर केंद्र सरकारने यंत्रणा बांधून दिली, आणि पुढे ती चालवायची कोणी, यावर सरकार आणि शहराचं बिनसलं. तुरटी, वीज, गाळ टाकायची जागा आणि दोन माणसं, हा खर्च दरमहा येतो. एल्व्हात पहिल्या पाच वर्षांत साधारण दोन तृतीयांश गाळ वाहून गेला, म्हणजे तिथे हा भार एका हंगामाचा नव्हता. लहान बंधाऱ्याला तेवढी वर्षं लागणार नाहीत. तरी एका पावसाळ्यावर हिशोब बंद करणाऱ्या आराखड्यावर सही करू नये.

आणि विहिरी मोजायचं काम खात्याची वाट न बघता गावाला आजच सुरू करता येतं. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा पातळी घेतं, पण त्यांच्या ठरावीक विहिरींवर. तुमच्या शिवारातली विहीर त्यात असेलच असं नाही. बंधाऱ्याच्या दोन्ही काठांवरच्या आठ-दहा विहिरी निवडायच्या, काही काठालगतच्या आणि दोन-तीन मुद्दाम लांबच्या. दुष्काळाचा परिणाम दोन्हींवर दिसेल, बंधाऱ्याचा फक्त जवळच्यांवर, म्हणून लांबच्या हव्यातच. कठड्यावर रंगाने खूण करायची आणि दरवेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंत वजन बांधलेली टेप सोडायची. मे आणि नोव्हेंबर चुकवायचा नाही. जमलं तर दर महिन्याला. काम सुरू होण्याआधीची निदान दोन वर्षांची मापं हवीत. वही पीडीओच्या (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याच्या) ताब्यात, दर पानावर पीडीओची आणि विहीरमालकाची सही. माप घेण्याआधी विहिरीवरची मोटार रात्रभर बंद ठेवायची आणि तसं वहीत लिहायचं. चालू मोटारीवर घेतलेलं माप भरपाईच्या वेळी पहिल्या प्रश्नातच खोडलं जातं.